घराण्याची वेल कागदावर: मुलाच्या जन्मजात बहिरेपणाचं मूळ कसं शोधायचं

मी खानापूर तालुक्यातली. कर्णबधिर मुलांना बोलायला आणि वाचायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी हुक्केरी, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज इकडची माणसं अजून घरी येतात. पिशवीत रिपोर्टांची फाइल असते, कडेवर मूल असतं आणि प्रश्न एकच असतो, "बाई, हे आलं कुणाकडनं?" विचारणारी बहुधा मुलाची आई असते. ती माझ्या दारात येईपर्यंत घरच्यांनी तिला उत्तर देऊन टाकलेलं असतं. ग्रहणात भाजी चिरलीस. सातव्या महिन्यात प्रवास केलास. तुझ्या माहेरातच काहीतरी आहे.

हे उत्तर बहुतेक घरांत खोटं निघतं, आणि ते खोटं आहे हे कागदावर दाखवता येतं. त्यासाठी आधी घराण्याची वेल काढायची, मग ती घेऊन डॉक्टरांकडे जायचं, गरज असेल तर जनुकांची तपासणी करायची, आणि आलेला अहवाल समजून घ्यायचा. हे काम तुम्ही कसं करायचं ते इथं लिहिते.

आधी कान, मग जनुक

जनुक तपासणीचा निकाल यायला कित्येक आठवडे लागतात, आणि भाषा शिकायची मुलाची वर्षं तेवढ्यासाठी थांबत नाहीत. म्हणून कारण सापडो न सापडो, कानाची तपासणी आणि श्रवणयंत्र आधी. जगभर पाळला जाणारा हिशेब असा आहे: पहिल्या महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत यंत्र आणि शिकवणी सुरू. आपल्या गावांत हे वेळापत्रक फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतं. "येतंय की गे त्याला ऐकू, ताट पडलं की वळून बघतंय," असं आजी म्हणते. ताट पडलं की फरशी हादरते, आणि मोठा दणका तर पुष्कळ बहिऱ्या मुलांनाही कळतो. "त्याचा बापही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला," हे तर प्रत्येक घरात. बाप खरंच उशिरा बोलला असेल तर तीही वेलीवर लिहायची गोष्ट आहे, तपासणी पुढं ढकलायचं कारण नव्हे.

तपासण्या दोन. ओएई म्हणजे कानात बारीक नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद घेणं. काही मिनिटांत होते. बेरा म्हणजे डोक्याला तारा चिकटवून आवाज नसेतून मेंदूच्या दिशेनं पोचतो का ते बघणं. यासाठी मूल झोपलेलं लागतं. बेराला जायच्या दिवशी मुलाला बसमध्ये झोपू देऊ नका. जागं ठेवून न्या, तिथं दूध पाजा, मग ते आपसूक झोपतं. आणि फक्त ओएई 'पास' आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ओटीओएफ नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांची ओएई सुरुवातीला चांगली येते, पण बेराची रेघ सपाट असते. आवाज कानात शिरतो, नसेपर्यंत पोचत नाही. मूल नावाला वळत नसेल तर बेरा मागून घ्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. ऑपरेशनचा, म्हणजे आवाज थेट श्रवणाच्या नसेला पोचवणारं यंत्र कानात बसवायचा, कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार असेल तर वय मनात धरा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मजात बहिऱ्या मुलाला ५ वर्षांच्या आत बसवावं लागतं. कारण शोधण्याच्या नादात ती मुदत घालवू नका.

वेलीसाठी माहिती कुठून गोळा करायची

घरातल्या लग्नपत्रिका बाहेर काढा. आपल्याकडच्या पत्रिकेत आजा, पणजा, चुलते, मामा, आत्या, जावई, सगळे गावासकट छापलेले असतात. तीन-चार पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मी वेल तयार होते. कोणत्या घरातून मुलगी आली आणि त्याच घरात पुन्हा कुणाची मुलगी गेली, हे पत्रिकेइतकं सरळ दुसरीकडे कुठं मिळत नाही.

जन्माचे कागद मात्र आईच्या माहेरी असतात, कारण पहिलं बाळंतपण तिथलं. सीमाभागात यामुळे एक वेगळीच धांदल होते. मूल राहतं कर्नाटकात हुक्केरीला, जन्मलं महाराष्ट्रात गडहिंग्लजला. मग इकडे तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं सरकारी कार्ड, तिकडे माता-बाल संरक्षण कार्ड, आणि बाळ काचेच्या पेटीत का ठेवलं होतं ते लिहिलेला डिस्चार्ज कागद माहेरच्या कपाटात. तो आणवून घ्या. नऊ महिन्यांच्या आत जन्म, जबर कावीळ, पेटीत बरेच दिवस, गरोदरपणात अंगावर बारीक पुरळ येऊन ताप म्हणजे कदाचित रुबेला, नंतर मेंदूज्वर: यातलं काही असेल तर बहिरेपणाचं कारण जनुकात नसूही शकतं. ढोबळ हिशेबानं जन्मजात बहिऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांत कारण आनुवंशिक असतं. बाकीच्यांत हे असं काही असतं.

माणसांना विचारायचं तर गौरी-गणपतीला. माहेरवाशिणी आलेल्या असतात, आत्या-मावश्या एका ठिकाणी बसलेल्या असतात, आणि एकीच्या तोंडून निसटलेलं दुसरी पुरं करते. पुरुषांना फक्त भावकी आठवते, बायकांना दोन्हीकडची माणसं आठवतात. सरळ "आपल्यात कुणी बहिरं आहे का?" असं विचारलं तर "कुणी नाही" हेच उत्तर येतं, विशेषतः घरात लग्नाच्या मुली असतील तर. त्यापेक्षा असं विचारा: लहानपणापासून न बोलणारं कुणी होतं का? मुका, मुकी म्हणून कुणाला हाक मारायचे का? शाळेत न घालता गुरांमागे ठेवलेलं, वेडसर समजलेलं कुणी? लग्न न करता घरीच राहिलेली कुणी आत्या? एका घरात तीन पिढ्यांत कुणी बहिरं नाही असं ठासून सांगितलं, आणि चहा होईपर्यंत आजीला आपला 'मुका आण्णा' आठवला. तो तिचा सख्खा भाऊ.

म्हातारपणी ऐकू कमी येणाऱ्यांना वेगळं ठेवा. त्यांचा या हिशेबाशी बहुधा संबंध नसतो.

कागदावर काढायचं कसं

मोठा कागद आडवा घ्या, पेन्सिल घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बहिरं असेल तर आकृती भरून काळी करा. माणूस वारलेलं असेल तर तिरकी रेघ, आणि शेजारी वय व कारण. नवरा-बायकोला आडव्या रेघेनं जोडा. ती आधीच नात्यातली असतील तर दुहेरी रेघ. मुलं खाली, थोरलं डावीकडे. ज्या मुलासाठी हे चाललंय त्याच्याकडे बाण. किमान तीन पिढ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्या सारख्याच काळजीनं. पडलेले गर्भ आणि बाळपणी गेलेली मुलंही लिहा. त्यांची कुणी नावं घेत नाही, पण डॉक्टरांना ती हवी असतात. प्रत्येक जोडीखाली गावाचं नाव लिहा. नात्यात लग्न नाही असं सांगणाऱ्या घरातही दोन्ही आज्या यळ्ळूरच्याच निघतात, एकाच भावकीच्या.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. हे लक्षात ठेवून वेल बघितली की काही गोष्टी डोळ्यांत भरतात. आई-वडिलांना ऐकू येतं, मूल बहिरं, आणि मध्ये दुहेरी रेघ: बहुधा दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली आहे. आनुवंशिक बहिरेपणात हाच प्रकार सगळ्यांत जास्त, पाचांतले चार. प्रत्येक पिढीत एक तरी काळी आकृती, बापाकडून मुलाकडे, मुलीकडून नातवाकडे: अशा वेळी एकच बिघडलेली प्रत पुरते. आणि बहिरेपण फक्त आईच्या बाजूनं, तिच्या भावंडांत, मावशीच्या मुलांत, तेही ताप-खोकल्यासाठी सुया घेतल्यानंतर आलेलं: याचा विचार पूर्ण वेगळा करावा लागतो.

सुयांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं बहिरेपण टाळता येतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागाला स्वतःचं थोडं जनुक-साहित्य असतं आणि ते फक्त आईकडून मिळतं. त्यातल्या १५५५ क्रमांकाच्या जागी बदल असेल तर जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या गटातली औषधं नेहमीच्या मात्रेतही कान घालवू शकतात. आईकडून हा बदल तिच्या सगळ्या लेकरांना मिळू शकतो. लेकाकडून पुढं जात नाही. तुमच्या वेलीवर "सुईनंतर कान गेले" असं दोन ठिकाणी लिहिलं गेलं तर आईकडच्या सगळ्यांनी दवाखान्यात आधी सांगायचं: आमच्यात या गटाची औषधं चालत नाहीत, दुसरं द्या. क्षयरोगाचा औषधोपचार घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

कानापलीकडे काय बघायचं

बरीच मुलं फक्त बहिरी असतात, बाकी ठणठणीत. पण आनुवंशिक बहिरेपणाच्या दहांपैकी साधारण तीन मुलांत आणखी एखादा अवयव गुंतलेला असतो. म्हणून वेल काढताना कानाशिवायही प्रश्न विचारा.

सगळ्यांत आधी हा विचारा: मूल दचकल्यावर, पळताना, तळ्यात पोहताना किंवा रडून रडून बेशुद्ध पडतं का? घराण्यात कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलं का? जन्मजात बहिरेपणाबरोबर हृदयाच्या विजेचा ताल बिघडणारा एक आजार असतो, जर्वेल आणि लांगे-नील्सेन या नावानं ओळखला जाणारा. तो विरळ आहे, पण त्यात मूल दगावतं. घरच्यांना वाटतं फेपरं आहे, कुणाला वाटतं बाहेरचं आहे, आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. साधा ईसीजी काढला तर त्यातलं 'क्यूटी' नावाचं अंतर लांबलेलं दिसतं, आणि औषधानं धोका बराच कमी होतो. माझं ठाम मत आहे की जन्मापासून पूर्ण बहिऱ्या प्रत्येक मुलाचा एक ईसीजी व्हावा, आणि इम्प्लांटसाठी भूल देण्याआधी तर व्हावाच. फार खर्चाची तपासणी नाही. डॉक्टरांनी आपणहून सांगितली नाही तर तुम्ही मागा.

दुसरं, मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नव्हतं का, आणि मोठं झाल्यावर तिन्हीसांजेला ठेचकाळतं का? अशर नावाच्या आजारात आधी कान आणि मग हळूहळू रात्रीची नजर जाते. हाताच्या खुणांवर विसंबून असलेल्या मुलाची नजरही जाणार असेल तर ते लवकर कळलेलं बरं. इम्प्लांटचा निर्णयही त्यानं बदलतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना "आत रेटिना बघा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर फक्त चष्म्याचा नंबर काढून परत पाठवतात.

कपाळावर पांढऱ्या केसांची बट, एक डोळा निळा आणि एक काळा, असं घराण्यात असेल तर तो वार्डेनबर्ग नावाचा आजार. हा बहुधा एकाच बिघडलेल्या प्रतीनं चालतो, म्हणून ज्यांना ऐकू येतं त्यांच्यातही बट दिसते. गळ्याला गाठ आणि डोक्याला मार लागल्यावर ऐकणं एकदम खाली गेलं असेल तर पेंड्रेड नावाच्या आजाराचा विचार करतात. अशा मुलाला कबड्डी, सायकलवरून उड्या यांपासून जपायचं. कानापुढे सुईच्या टोकाएवढं भोक असलं आणि मानेवर खळगी किंवा गाठही असली तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी.

ही सगळी उत्तरं वेलीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात. लिहिलेलं असेल तर त्या पाच मिनिटांत काम होतं.

रक्त द्यायच्या आधी

बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. कान-नाक-घसा विभागात वेल दाखवा आणि जनुकीय समुपदेशन कुठं मिळेल ते विचारा. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही या कामातली मोठी राष्ट्रीय संस्था, प्रवास लांबचा असला तरी. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर, मिरज जवळ पडतं. रक्त थोडंसंच लागतं, जांभळ्या बुचाच्या नळीत, आणि ते बहुधा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातं.

तपासणी दोन प्रकारची असते. एकच जनुक बघायचं, किंवा बहिरेपणाशी संबंधित शंभराहून जास्त जनुकं एकदम. दुसरी महाग. पैसे भरण्याआधी विचारा: अहवाल समजावून कोण सांगणार? आई-वडिलांचं रक्त त्याच किमतीत तपासणार का? ठरावीक चार-पाच बदलच बघणार की जनुक पूर्ण वाचणार? उत्तर गुळमुळीत आलं तर सही करू नका. आणि सरकारी योजनेचे कागद याच फेरीत जुळवायला घ्या. दोन राज्यांतले पत्ते असलेल्या घरांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, आधी करावं; ते देशभर चालतं.

अहवाल वाचायचा कसा

अहवालात इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, घाबरू नका. तुम्हाला त्यातून चार गोष्टी काढायच्या आहेत: जनुक कोणतं, बदल कोणता, एका प्रतीत की दोन्ही प्रतींत, आणि तो बदल खरंच रोग करणारा आहे का.

बहुतेक अहवालांत पहिलं नाव शोधायचं ते जीजेबी२. तेराव्या गुणसूत्रावरचं हे छोटं जनुक बहिरेपणाला कारण होतं हे १९९७ मध्ये कळलं. त्याच्या सूचनेवरून कनेक्सिन २६ नावाचं प्रथिन बनतं. शेजारच्या वाफ्यात पाणी जावं म्हणून बांधाला वाट ठेवतो, तशी वाट हे प्रथिन आतल्या कानाच्या पेशींमध्ये ठेवतं; त्यातून पोटॅशियम आणि इतर बारीक रेणू पुढं सरकतात. वाटच नसेल तर ऐकण्याच्या पेशींना काम करता येत नाही. पण त्यांच्यामागची श्रवणाची नस शाबूत असते, म्हणूनच या मुलांना वेळेत इम्प्लांट बसवलं तर त्यांची प्रगती चांगली होते. हे वाक्य घरच्यांना आवर्जून वाचून दाखवा.

आपल्या देशात या जनुकात सगळ्यांत जास्त आढळणारा बदल डब्ल्यू२४एक्स. अहवालात तो '७१ जी ते ए' असाही लिहितात. जनुकाच्या ७१ व्या जागी जी या अक्षराऐवजी ए आलं, एवढंच. पण त्यामुळे २२६ कड्यांचं प्रथिन २३ कड्यांवरच थांबतं, म्हणजे बनतच नाही. युरोपात जास्त दिसणारा बदल वेगळा, ३५डेलजी. चीन-जपानकडचा आणखी वेगळा, २३५डेलसी. आणि युरोपातल्या रोमा लोकांत मात्र आपलाच डब्ल्यू२४एक्स सापडतो, कारण त्यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेले. सुनेच्या कुठल्या तरी चुकीमुळे हे झालं असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. हा बदल तुमच्या घराण्याच्या नावाहूनही जुना आहे.

आता 'होमोझायगस' असं लिहिलं असेल तर दोन्ही प्रतींत तोच बदल आहे. एक प्रत आईची, एक वडिलांची. 'कंपाउंड हेटेरोझायगस' म्हणजे दोन प्रतींत दोन वेगळे बदल. इथं आई-वडील दोघांचं रक्त तपासल्याशिवाय खात्री होत नाही, कारण दोन्ही बदल एकाच प्रतीवर बसलेले असू शकतात आणि दुसरी प्रत चांगली असू शकते. नुसतं 'हेटेरोझायगस' म्हणजे एकाच प्रतीत बदल सापडला. जीजेबी२ मध्ये असं आलं तर तेवढ्यानं मूल बहिरं का आहे हे सहसा सांगता येत नाही. तेव्हा विचारा: जनुकाच्या पहिल्या तुकड्याशेजारची जागा वाचली का? शेजारच्या जीजेबी६ चा तुटलेला भाग तपासला का?

बदलाच्या शेजारी वर्ग लिहिलेला असतो. 'पॅथोजेनिक' आणि 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणजे रोगकारक किंवा बहुधा रोगकारक. 'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी. मधला वर्ग 'अनसर्टन सिग्निफिकन्स', म्हणजे या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही. या मधल्या वर्गाच्या जोरावर एकही निर्णय घेऊ नका, ना लग्नाचा, ना गर्भाचा.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. दोन प्रतींचा आजार असेल तर अहवालात दोघांचा वाटा अगदी सारखा लिहिलेला असतो. मी शक्य असेल तर सासू-सासऱ्यांनाही बसवून घेते आणि वेलीवर बोट ठेवते: ही प्रत हिच्याकडनं, ही प्रत तुमच्या लेकाकडनं, आणि लेकाला ती तुम्हा दोघांपैकी एकाकडनं. एक सासूबाई हे ऐकल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग सुनेला म्हणाल्या, "पोराला दे गे माझ्याकडं, तू जेवून घे." फाइल घेऊन आलेल्या त्या मुलीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पुढचं मूल, आणि सोयरीक

आई-वडील दोघं वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असून ऐकू येत असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल बहिरं होण्याची शक्यता ४ मध्ये १. "एक झालं, आता पुढची तीन चांगली होणार" असा त्याचा अर्थ लावतात. तसं नाही. प्रत्येक वेळी हिशेब पहिल्यापासून. पुढचं बाळ झालं की पहिल्या महिन्यातच त्याची बेरा करा. पोटात असताना तपासणी हवी की नको हा नवरा-बायकोचा प्रश्न आहे; नोंदणी असलेल्या जनुकीय समुपदेशन केंद्रात शांतपणे बोलून ठरवा. शेजारणीच्या सल्ल्यानं नको.

सोयरिकीचं बोलायलाच हवं. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आणि जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. जमीन घरात राहते, मुलगी ओळखीच्या घरात पडते, आजीला नात डोळ्यांपुढे दिसते. यामागची माया मला कळते, आणि अशा लग्नांतली बहुतेक मुलं धडधाकट होतात हेही खरं. पण ज्या वेलीवर काळी आकृती आहे तिथं आकडे मांडून बघा.

मामा वाहक असेल तर सख्ख्या भाचीकडे तीच प्रत असण्याची शक्यता ४ मध्ये १. मामेबहीण-आतेभावात ८ मध्ये १. आता समजा घरात एक बहिरा मुलगा आहे, आजार दोन प्रतींचा आहे, आणि त्याच्या ऐकू येणाऱ्या भावासाठी मामाची मुलगी बघताय. भाऊ वाहक असण्याची शक्यता ३ मध्ये २. आई तर वाहक आहेच, म्हणून मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि त्याच्या मुलीची ४ मध्ये १. दोघंही वाहक निघाले तर ४ मध्ये १ मूल. गुणाकार केला की २४ मध्ये १ येतो. आणि त्या बहिऱ्या मुलालाच मामाची मुलगी केली तर? त्याच्याकडून बिघडलेली प्रत जाणारच. त्यामुळे हिशेब ८ मध्ये १ वर जातो. "याला बाहेरचं कोण देणार?" म्हणून नेमकी हीच सोयरीक जुळवतात, आणि मला सगळ्यांत जास्त कळवळा याच ठिकाणी येतो. निदान मुलीचं रक्त आधी तपासा. बदल आधीच माहीत असतो, त्यामुळे तेवढी एक जागा बघायची असते आणि खर्चही कमी येतो. तिच्याकडे तो नसेल तर त्या कारणानं लग्न मोडायची गरज नाही.

दोन कर्णबधिरांचं लग्न ठरतं तेव्हा दोन्ही घरं घाबरतात की सगळी मुलं बहिरी होणार. दोघांची कारणं वेगवेगळ्या जनुकांतली असतील आणि दोन्ही आजार दोन प्रतींचे असतील, तर मुलांना सहसा ऐकू येतं, कारण प्रत्येक जनुकाची एक चांगली प्रत मिळते. दोघांचंही जीजेबी२ असेल आणि दोघांच्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर मूल बहिरंच होणार. दोन्हीही निभावता येतं. माझे कितीतरी विद्यार्थी खुणांच्या भाषेत उत्तम संसार करतायत. पण आधी माहीत असेल तर बारशाच्या आधीच तपासणीची वेळ ठरवता येते.

वाहक असणं हा आजार नव्हे. त्या माणसाला ऐकू येतं, आयुष्यभर येत राहतं. भावकीत हे सांगताना अहवालाचा फोटो सरसकट ग्रुपवर टाकू नका; मुलीच्या लग्नाच्या वेळी तो भलत्याच माणसाच्या मोबाइलमधून बाहेर येतो. ज्यांना गरज आहे त्यांना घरी बोलावून वेल दाखवा: मुलाचे सख्खे चुलते, मामा, मावशी, आत्या, म्हणजे ज्यांची मुलं लग्नाची आहेत किंवा ज्यांना अजून मुलं व्हायची आहेत.

कुणी "जीन बदलून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी ओटीओएफच्या मुलांना कानात चांगली प्रत सोडून ऐकू आल्याचं प्रसिद्ध केलं. ते खरं आहे आणि मोठं आहे. पण तो उपचार त्या एका जनुकापुरता आहे. जीजेबी२ असलेल्या मुलाला तो लागू नाही. तुमच्या मुलाचं ओटीओएफ निघालं असेल तर मात्र समुपदेशकाला त्याबद्दल जरूर विचारा.

अहवालाच्या तीन प्रती करा. एक मुलाच्या फाइलमध्ये, एक माहेरी, एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या उताऱ्यांच्या कागदांबरोबर. नमुना क्रमांक वहीत लिहून ठेवा. अहवालात काहीच सापडलं नसेल किंवा मधल्या वर्गातला बदल असेल, तर दोन-तीन वर्षांनी त्याच क्रमांकावर प्रयोगशाळेला पुन्हा विचारा. नवी माहिती येत राहते आणि वर्ग बदलतात. आणि दरम्यान घराण्यात नवं बाळ झालं, कुणाचं लग्न झालं, तर वेलीवर पेन्सिलनं चढवत जा.